लोखंड बाहेर

मंदाताईंच्या शोकसभेत बरेच जण बोलले आणि सगळे एकच बोलले. विज्ञानाच्या निष्ठावान उपासक, महिला शास्त्रज्ञांचा आदर्श, कधीही भरून न येणारी पोकळी. संचालकसाहेबांनी तर दोन कागदभर शुद्ध हिंदी वाचून दाखवली. मी मागच्या रांगेत बसून चरफडत होते. अरे, त्या पितळी परातीबद्दल कोणी तरी बोला. त्या स्टूलबद्दल बोला. हे ज्या बाईंचं वर्णन करून राहिले आहेत त्यांना मी ओळखतच नाही. तेवढ्यात कोणी तरी पुकारलं, "रोहिणीजी, आप भी दो शब्द," आणि मी मोठ्या तावातावानं माइकपर्यंत गेले. तिथे पोचल्यावर "मंदाताई आमच्या गल्लीत राहायच्या" एवढंच कसंबसं म्हणून परत येऊन बसले. घरी येईपर्यंत स्वतःवर चिडत होते. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आता लिहून टाकते.

मी आमच्या संस्थेची लायब्ररी सांभाळते. संस्था इंदूरच्या भंवरकुआंच्या पुढे, आणि आम्ही दोघी अन्नपूर्णा भागातल्या, त्यामुळे कित्येक वर्षं मंदाताईंच्या गाडीतूनच माझं जाणं-येणं. डॉ. मंदाकिनी जगदाळे हे त्यांचं दारावरच्या पाटीवरचं नाव. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत त्या अणू थंड करायच्या. लग्न केलं नाही, भाऊ-वहिनींबरोबर राहायच्या. गाडी इतकी सावकाश चालवायच्या की भंवरकुआंच्या चौकात कोचिंगची पोरं सायकलवरून आम्हाला मागे टाकायची. मागून कोणी हॉर्नवर हात ठेवला की काच खाली करून शांतपणे म्हणायच्या, "ठंड रख भिया, ठंड रख."

हेच वाक्य घरात, प्रयोगशाळेत, सगळीकडे. मराठीत ते "थंड हो, मग दिसेल" असं व्हायचं. वहिनी मोलकरणीवर भडकल्या, थंड हो. विद्यार्थ्याचा लेझर बिघडला, थंड हो. एकदा मी माझ्या सुनेबद्दल गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत बोलत होते. उतरताना काय ऐकायला मिळालं? थंड हो, मग दिसेल. मला इतका राग आला की मी म्हटलं, "तुम्हाला काय जातंय मंदाताई, तुम्ही अणूंनासुद्धा हेच सांगता." तर म्हणाल्या, "अणू ऐकतात गं. तू ऐकत नाहीस."

आमची खरी ओळख झाली ती परातीपायी. मी नवीन लागले होते, कसलं तरी मासिक द्यायला खाली गेले. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर एका लाकडी तिवईवर ही मोठी पितळी परात, आणि वर लाल अक्षरांत पाटी: लोखंड बाहेर. परातीत किल्ल्या, घड्याळं, मोबाइल, पेनं, सेफ्टी पिना. आतून एक उंच, सडसडीत बाई आल्या, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "अंबाड्यात काय आहे?"

"काटे."

"काढा."

मासिक द्यायला गेलेली मी केस मोकळे सोडून, नुकतीच न्हाऊन आल्यासारखी वर परतले. सगळ्या ऑफिसनं विचारलं काय झालं म्हणून. कारण मला नंतर समजलं. त्यांचे ते अणू इतके हळवे की जवळपासच्या लोखंडाच्या नुसत्या असण्यानंही त्यांची दिशा बदलते. मग मी असो की मंत्री असो, नियम तो नियम. एकदा दिल्लीहून कोणी मोठे पाहुणे आले होते. किल्ल्या टाकल्या, घड्याळ टाकलं, आता आत जाणार तर मंदाताई म्हणाल्या, "बेल्ट." संचालकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. पाहुण्यांनी बेल्ट काढून परातीत ठेवला आणि पूर्ण प्रयोगशाळा डाव्या हातानं पॅंट धरून बघितली. शेवटी मंदाताईंनी अगदी आदरानं विचारलं, "कोई प्रश्न?" त्यांना एकही प्रश्न नव्हता.

स्वतः त्या नियमाच्या पक्क्या होत्या. केसांत लाकडी काडी, हातात काचेची एकेक बांगडी, पायात रबरी चपला. जगदाळ्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळातले. घरी दिवाणखान्यात अजून एक तलवार टांगलेली आहे, वहिनी तिला दसऱ्याला हळदकुंकू लावतात. मंदाताई त्या तलवारीखाली चहा पीत म्हणायच्या, "आमच्या घराण्यानं लोखंडावर पोट भरलं. मीच एक निघाले लोखंड बाहेर काढणारी."

त्या नेमकं करतात काय, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं, आणि लायब्ररीतल्या बाईनं असं विचारायचं कसं म्हणून मी गप्प होते. एकदा आम्ही दोघी एका मॅरेज गार्डनमधल्या लग्नाहून परतत होतो, तेव्हा विचारूनच टाकलं. त्यांनी गाडी आणखी हळू केली.

"आत्ताचं लग्न पाहिलंस ना? बारात आली तेव्हा बॅंडपुढे कोण मुलाकडचा आणि कोण मुलीकडचा, कळत होतं का? सगळे एकमेकांत मिसळून नाचत होते. मग बॅंड थांबला, लोक दमले, खुर्च्यांवर बसले. बसल्यावर बघितलं तर मुलाकडचे एकीकडे, मुलीकडचे एकीकडे. कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. आणि मधे खुर्च्यांची एक रांग रिकामी."

"हो, मी तिथेच पर्स ठेवली होती."

"ती रिकामी रांग म्हणजे माझी भिंत. विटा नाहीत, चुना नाही. दोन बाजूंचं पटत नाही, तिथे भिंत."

त्यांचे अणू सगळे एकाच घराण्यातले, रुबिडियम नावाच्या धातूचे. पण प्रत्येकाच्या पोटात जणू एक बारीकशी चुंबकसुई, काहींची वर तोंड करून, काहींची खाली. गरम असतात तोवर सगळे मिसळून नाचतात. लेझरनं आणि आणखी कशाकशानं त्यांना थंड करत नेलं, म्हणजे बर्फासारखं थंड नव्हे, त्याहून थंड जगात जवळजवळ काही नसतं इतकं, की मग वरवाले एकीकडे सरकतात, खालवाले एकीकडे, आणि मधे भिंत उभी राहते. हा सगळा संसार मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान ढगात, काही सेकंदांपुरता. फोटो काढला की ढग संपला. मग पुन्हा नवे अणू, नवा ढग, नवा फोटो.

"म्हणजे रोज नवं लग्न," मी म्हटलं.

"दर मिनिटाला," त्या म्हणाल्या. "आणि खरी गंमत पुढे आहे. कुठली रांग रिकामी राहील ते कोणी ठरवलेलं नसतं. एका लग्नात डावीकडची, दुसऱ्यात उजवीकडची. ते त्या त्या वेळी ठरतं. मला तेच ठरताना बघायचंय. पण प्रत्येक लग्नात तीच रांग रिकामी दिसली, तर समजायचं की पाहुण्यांचं काही नाही, तिथला पंखा बंद आहे."

माझ्यासारखीला तेवढं पुरेसं होतं. तेव्हापासून सकाळी गाडीत बसले की मी विचारायचे, "काय मंदाताई, लग्न लागलं का?" त्या मान हलवायच्या. ढग पुरेसा थंडच होत नव्हता.

त्यांच्याकडे शेवटची विद्यार्थिनी होती रेवा. मल्हारगंजातली मराठी मुलगी. तिचं वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि हिंदीत संपायचं. हुशार, चपळ, आणि नाकावर राग. तिनं कितीतरी दिवस नुसते पंप उघडण्यात आणि बंद करण्यात घालवले होते. तिची शिष्यवृत्ती संपत आली होती, आणि मंदाताईंची निवृत्तीही जवळ आली होती. मंदाताई गेल्यावर ती खोली दुसऱ्या कोणाला तरी मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं. रेवाच्या प्रबंधाला ती भिंत हवी होती, मंदाताईंना तर जन्मभर हवी होती. दोघींकडे मिळून वेळ एवढाच होता.

आता स्टूल. मंदाताईंचे गुडघे फार वर्षांपासून दुखायचे, पण प्रयोग चालू असताना त्या दूर संगणकापाशी बसायच्या नाहीत. टेबलाला लागून, ढग जिथे तयार होतो त्या काचेच्या डबीच्या हाताशी, ॲल्युमिनियमच्या एका स्टूलवर डोळे मिटून बसायच्या. लेझरपुढे बारीक झडपा असतात, त्या ठरलेल्या वेळी उघडतात, मिटतात. टक्, टक्, टकटक्. ते त्या ऐकायच्या. मधेच म्हणायच्या, "तिसरी आळशी झालीये आज," आणि रेवा तपासायची तर तिसरी झडप खरंच उशिरा उघडत असायची. डोळ्यांनी बघण्यासारखं तिथे काही नाही, म्हणायच्या, कानांनी तरी सोबत करावी.

त्या स्टूलचा एक पाय मोडला. रेवा म्हणाली आमच्या गल्लीत एक जण दुरुस्त करतो, म्हणून एका शनिवारी मंदाताई आणि मी मल्हारगंजात गेलो. मिस्त्री म्हणाला, दोन तास लगेंगे. तोवर आम्ही कचोरी खाल्ली, साड्यांच्या दुकानात उगीच साड्या उलगडून घेतल्या. परत आलो तर स्टूल चंदेरी रंगानं नव्यासारखं चमकत होतं. "पहिले जैसा ही किया ना?" मंदाताईंनी विचारलं. "हूबहू," तो म्हणाला, "अब इस पे हाथी बिठा दो, मॅडमजी." मी ते उचलून गाडीत ठेवलं. म्हटलं, जरा जड लागतंय हो. मंदाताई म्हणाल्या, "इतकी वर्षं मी बसतेय, माझं वजन उतरलं असेल त्यात." आम्ही दोघी हसलो. त्यावर त्यांनी जुन्या लुगड्याची शिवलेली गादी बांधली आणि सोमवारी स्टूल आपल्या जागी गेलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी ढग थंड झाला, आणि भिंत आली. त्या दिवशी मंदाताईंनी सगळ्या मजल्याला पोहे-जलेबी खिलवली. स्वतःच्या हातानं प्रत्येकाच्या पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरत होत्या. रेवानं मला फोटो दाखवला. डावीकडे एक काळा डाग, उजवीकडे एक करडा, मधे फिकट रेघ. खरं सांगायचं तर मला त्यात काही विशेष दिसलं नाही, पण रेवाचे डोळे बघून मी "सही है" म्हटलं. पुढचा फोटो, रेघ तिथेच. त्याच्या पुढचा, तिथेच. "ताई, एकदम सेम टू सेम," रेवा म्हणाली, "काही डाउटच नाही."

मंदाताईंनी मात्र परतताना गाडी नेहमीपेक्षाही सावकाश चालवली. अन्नपूर्णा आलं तेव्हा म्हणाल्या, "भिंत जरा जास्तच शहाणी आहे. रोज आपल्या जागेवर येऊन बसते."

मला लगेच बंद पंखा आठवला. पण ते सांगायची गरज नव्हती, त्या स्वतःच पंखा शोधायला लागल्या होत्या. एसी बंद करून पाहिला, पंप लांब नेले, तारांची वेटोळी उलटसुलट केली. चुंबकत्व मोजायचं मीटर मागवून टेबलाभोवतीची सगळी जागा मोकळी केली आणि इंचाइंचानं मोजलं. सगळं स्वच्छ. मग पुन्हा प्रयोग, आणि भिंत पुन्हा तिथेच. शेवटी त्यांनी आणि रेवानं मिळून असं मांडलं की ज्या प्रकाशाच्या वाटीत तो ढग धरून ठेवतात ती थोडीशी कललेली असावी, म्हणून भिंतीला ती जागा आवडते. तसा पेपर लिहिला आणि एका मोठ्या मासिकाला पाठवला. रेवा प्रबंध लिहायला बसली. मंदाताईंनी पेपरवर सही केली, पण मला म्हणाल्या, "पंखा काही सापडला नाही, रोहिणी."

"मग नसेलच," मी म्हटलं.

यानंतर त्यांचा गुडघा अगदीच बसला आणि ऑपरेशन करून बदलावा लागला. खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, आंघोळीला उंच आणि भक्कम असं काही तरी हवं म्हणून वहिनींचा फोन आला. मंदाताईंनीच सांगितलं, माझं स्टूल घेऊन ये. ते मीच घरी पोचवलं.

मंदाताई घरी असताना एके दिवशी रेवा लायब्ररीत आली आणि कपाटांच्या मधे उभी राहून रडायला लागली. "ताई, सगळं बिगड गया. भिंत कुठेही येते. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी दोन-दोन येतात, कधी येतच नाही. मी काय तोडलं तेच कळून नाही राहिलं." तिला वाटत होतं की मॅडमनी विश्वासानं सोपवलेला प्रयोग तिनं बिघडवला. संध्याकाळी आम्ही दोघी मंदाताईंकडे गेलो. तलवारीखाली पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. घरच्या लेकराची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, "भिंत कशी आहे?"

"ठीक आहे मॅडम," रेवा म्हणाली.

मंदाताईंनी तिच्याकडे पाहिलं. "तिसऱ्या झडपेसारखी उशिरा बोललीस." पण पुढे काही विचारलं नाही.

त्या कामावर परतल्या त्या दिवशी मीच त्यांना हाताला धरून खाली नेलं. दुसऱ्या हातात स्टूल होतं. परातीत माझे काटे टाकले, त्यांची काठी लाकडाची होती ती आत गेली. त्या आपल्या जागी बसल्या, डोळे मिटले, टक्, टक्, टकटक्. रेवानं श्वास रोखून पडद्याकडे पाहिलं. भिंत आपल्या जुन्या जागी. पुढचा फोटो, तिथेच. रेवाला इतकं हायसं वाटलं की ती खरं काय ते बोलून गेली. "मॅडम, तुमचा पायगुण. तुम्ही नव्हता तर नुसती भटकत होती. आज तुम्ही आलात आणि ती पण आली."

मंदाताई खळखळून हसल्या. आणि मग हसता हसता थांबल्या.

"भटकत होती म्हणजे?"

रेवानं सगळं सांगितलं. मंदाताई ऐकत होत्या आणि आपल्या नव्या गुडघ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं, हाच तो धातू. उठल्या, काठी टेकत दाराबाहेर गेल्या, तिथून म्हणाल्या, "काढ फोटो." रेवानं काढला. "तिथेच आहे मॅडम." आणखी एक. तिथेच. मंदाताई दारात आल्या. टेबलापाशी कोणी नव्हतं आणि तरीही त्यांची जागा भरलेली होती. त्या स्टूलकडे बघत राहिल्या.

"रोहिणी, तुझ्या नोटिस बोर्डाचं एक चुंबक आण."

मी आणलं. त्यांनी गादी वर केली आणि चुंबक स्टूलच्या पायाजवळ नेलं. टक्. हातातून सुटून ते चिकटलंच. मिस्त्रीनं मोडलेल्या एका पायाऐवजी चारही पाय नवे घातले होते, लोखंडाचे, भक्कम, हत्ती बसेल असे. आणि मीटर लावून मोजायच्या वेळी हे कसं सापडलं नाही, तेही तिथेच उलगडलं. मोजायला जागा लागते म्हणून दरवेळी सगळ्यात आधी स्टूल उचलून बाहेर ठेवलं जायचं. मोजून झालं की आत आणून मंदाताई त्यावर बसायच्या.

मंदाताईंनी काठी माझ्या हातात दिली, स्टूल स्वतः उचललं, आणि लंगडत लंगडत बाहेर नेऊन परातीच्या शेजारी ठेवलं. मी मदतीला पुढे झाले तर मान हलवून नको म्हणाल्या. पुढच्या फोटोत भिंत डावीकडे होती. त्याच्या पुढच्यात उजव्या टोकाला.

रेवा खोलीच्या भिंतीला टेकून खाली बसली. "मॅडम, पेपर तर गेलाय. कोणाला कळणार आहे? भिंत तर खरीच आहे ना?"

"भिंत खरी आहे. तिला तिथे मी बसवली होती. पेपर परत घ्यायचा."

"आणि माझी थीसिस?"

"पुन्हा लिहायची. थंड हो, रेवा."

"मला नका सांगू थंड हो," रेवा ओरडली. त्या खोलीत कोणी आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "तुम्ही तर रिटायर होऊन जाल. मी काय करू? घरी काय सांगू, की स्टूल लोखंडाचं होतं?"

मला त्या क्षणी रेवाचं पटत होतं आणि मंदाताईंकडे बघवतही नव्हतं. त्याच दुपारी त्यांनी मासिकाला लिहिलं. मी शेजारी होते. प्रयोगशाळेतील एका वस्तूमुळे, असं लिहून भागलं असतं. त्यांनी लिहिलं की प्रयोगाच्या वेळी मी ज्या स्टूलवर बसत होते ते लोखंडाचं होतं आणि हे मी तपासलं नाही. परतताना मी त्या मिस्त्रीला वाट्टेल ते बोलले. त्या म्हणाल्या, "त्याचं काम चोख आहे. धातू कुठला ते मीच विचारलं नाही. जगाचे काटे काढून घेतले आणि आपल्या बुडाखाली पाहिलं नाही." मग सिग्नलला गाडी थांबलेली असताना, "पंखा सापडला, रोहिणी," म्हणाल्या आणि रडल्या. मागून हॉर्न वाजत होते. मी काच खाली करून म्हटलं, "ठंड रख भिया."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेवाला एवढंच विचारलं, "मी नव्हते त्या दिवसांचे फोटो टाकून दिलेस का?" रेवानं नाही म्हणून सांगितलं. इंदूरची मुलगी ती, कचरासुद्धा वेगवेगळा केल्याशिवाय टाकत नाही. ते सगळे फोटो तिनं संगणकात एकीकडे ठेवले होते, वर नाव दिलं होतं 'सूखा कचरा'. मंदाताई ते एकामागून एक बघत बसल्या. डावीकडे, उजवीकडे, दोन, एकही नाही. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "अगं, हेच तर," त्या म्हणाल्या, "हेच बघायचं होतं मला." जन्मभर ज्याची वाट पाहिली ते त्यांच्या पाठीमागे घडलं होतं, आणि ते करणारी पोरगी ते बिघडलं म्हणून रडत होती.

पण ते फोटो त्यांनी पेपरात घेऊ दिले नाहीत. त्या दिवसांत टेबलाजवळ आणखी काय होतं, नव्हतं, ते आता छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. सगळं नव्यानं घ्यायचं ठरलं, आणि त्यांनी एक अट घातली. "एकदा आपलं चुकलंय. आता लोक पहिलं हेच विचारतील की टेबलाजवळ कोण होतं. उत्तर 'कोणी नाही' असंच आलं पाहिजे."

म्हणजे त्या स्वतः बाहेर. निवृत्तीला जे काही दिवस उरले होते, ते सगळे मंदाताईंनी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर काढले, परातीशेजारी, त्याच लोखंडी स्टूलवर बसून. रेवा आत दूर संगणकापाशी एकटी. सुरुवातीला ती मॅडमशी कामापुरतंही बोलत नव्हती. फोटो काढायची, आकडे घ्यायची, तोंड वळवून निघून जायची. मग एके दिवशी, कोणी सांगितलेलं नसताना, तिनं आतून हाक दिली, "डावीकडे, मॅडम." पुढच्या फोटोला, "उजवीकडे." आणि ते रोजचंच झालं. मी लायब्ररी उघडायला जाताना जिन्यातून ते ऐकू यायचं. मंदाताई प्रत्येक हाकेला नुसती मान हलवायच्या.

"झडपा ऐकू येत नाहीत गं इथून," एकदा मला म्हणाल्या. तक्रार नव्हती, पण मला वाईट वाटलं ते वाटलंच.

नवा पेपर पुढे छापून आला, रेवाचा प्रबंध झाला, ती आता दूर कुठल्या तरी थंड देशात अणूच थंड करते. शोकसभेच्या दिवशी तिचा फोन आला होता. दोघी नुसत्या रडलो. पण मला मंदाताई आठवतात त्या त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशीच्या.

सकाळी सत्कार वगैरे उरकला होता. गळ्यातला हार परातीत ठेवून त्या स्टूलवर बसल्या होत्या. मी शेजारी उभी होते. रेवा दार उघडून बाहेर आली. हातात प्लास्टिकची खुर्ची. "मॅडम, आता आत या. आजचा डेटा आपण नाही घ्यायचा. बस एकदा बसा आपल्या जागेवर. झडपा ऐका."

मंदाताई उठल्या. दारापर्यंत गेल्या. चौकटीवर हात ठेवून आतल्या टेबलाकडे पाहिलं. मग वाकून आपल्या गुडघ्यावर टिचकी मारली.

"ह्याचं काय?"

"मॅडम, त्याला चुंबक नाही चिकटत. डॉक्टरला विचारलंय मी."

"स्टूलसुद्धा ॲल्युमिनियमचंच होतं," मंदाताई म्हणाल्या आणि परत येऊन बसल्या. "तू कर सुरू. डेटा घे. मी इथे आहे."

रेवा खुर्ची घेऊन आत गेली. दार लागलं. आतून हाका सुरू झाल्या. उजवीकडे, मॅडम. डावीकडे. दोन आल्या. डावीकडे. मंदाताई डोळे मिटून मान हलवत होत्या.

"मॅडम," रेवाची हाक जरा घुटमळत आली, "जुन्या जागी."

मंदाताईंनी डोळे उघडले. मी म्हटलं, अहो, दहा जागी येते, कधी तरी तिथेही येणारच की. "हो, येणारच," त्या म्हणाल्या. तरीही उठल्या. काठी काखेत धरली, स्टूल दोन्ही हातांनी उचललं आणि लंगडत त्या लांबलचक पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, जिन्यापाशी घेऊन गेल्या. तिथे ठेवलं, पदर सारखा करून बसल्या, आणि मला दुरून हातानं खूण केली, चालू दे.

तिथून त्यांना रेवाची हाकही ऐकू जाईना. मग मी दारापाशी थांबले. आतून आवाज आला की मी तो पुढे पोचवायचे. "उजवीकडे, मंदाताई." जिन्याजवळून हात वर व्हायचा. "आता डावीकडे." पुन्हा हात वर.